टॅनिन जाळतं की चिकटतं?

परळच्या एका शिक्षिकेने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी लिहिलेलं वाक्य पाठवलंय: ‘डाळिंबाच्या सालीतील तुरट द्रव्य घातक जंतूंच्या पेशीभिंती जाळून टाकते.’ हे द्रव्य म्हणजे टॅनिन, झाडांच्या सालींत आणि कच्च्या फळांत असणारं. त्याला ‘तुरट द्रव्य’ म्हटलेलं चालेल का, एवढंच त्यांनी विचारलंय. मला जास्त खटकतंय ते क्रियापद.

आधी नाम. तुरट ही चव. तुरटीही तुरटच, पण तो ॲल्युमिनियमचा क्षार, त्यात टॅनिन कुठलं? ‘कषाय’ तर आणखी पसरट: चव, काढा, शिवाय तांबूस रंगही. सरळ ‘टॅनिन’ लिहा. याच्या मुळाशी असलेला फ्रेंच शब्द ओकच्या सालीच्या भुकटीचा, जिने तिकडे कातडी कमावत. आपल्याकडे ते काम बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने केलं. विड्यातल्या कातातही टॅनिन असतं. मात्र ‘कात’ आणि ‘कातडं’ यांचं नातं जुळवायचा मोह आवरा. पहिला ‘क्वाथ’वरून आला, दुसरा ‘कृत्ति’वरून.

आता ‘जाळते’. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. कच्च्या चिकूने तोंड आवळून येतं, कारण लाळेतली प्रथिनं त्याला चिकटून साकळतात आणि जिभेवरचा बुळबुळीतपणा जातो. जिवाणूंच्या बाबतीतही ते त्यांच्या विकरांना (एन्झाइमांना) आणि पटलातल्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातल्या, प्रथिनांना धरतं. काही टॅनिनं पटलाच्या मेदथरातही शिरतात. मग पटलाची घडी विस्कटते आणि आतला ऐवज बाहेर झिरपतो. शिवाय लोह बांधलं गेल्याने जिवाणूंची उपासमार होते ती वेगळीच.

‘पेशीभिंत’ बदलाच. जिवाणूंना बहुधा भित्तिका, म्हणजे पेशीभिंतही असते, पण पटल निराळं, तिच्या आतलं. ग्रॅम-ऋण (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा रंग न धरणाऱ्या) जिवाणूंना भित्तिकेबाहेर आणखी एक पटल असतं.

‘घातक’ही नको. टॅनिन असं वेचून कोणाला धरत नाही. चहात दूध घातलं की ते दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतं आणि तुरटपणा उतरतो. उलट काही जिवाणू टॅनेज नावाचं विकर बनवून टॅनिनच फोडतात.

म्हणून मी लिहीन: ‘डाळिंबाच्या सालीतलं टॅनिन जिवाणूंच्या प्रथिनांना चिकटतं, त्यांचं पेशीपटल गळकं करतं आणि अनेक जिवाणूंची वाढ रोखतं.’ ‘गळकं’ घरगुती वाटलं तरी ‘सच्छिद्र’ करू नका. सच्छिद्र वस्तू मुळातच तशी असू शकते, इथे धड असलेलं पटल बिघडलंय.