प्रश्नोत्तरे : दुहेरी प्रोबची चमक

प्रश्न : एमआरआय आणि प्रकाश अशा दोन्ही चित्रांत दिसणारा दुहेरी प्रोब बनवतोय. लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांना डेक्स्ट्रान या शर्करा-बहुवारिकाचं आवरण दिलं, त्यावर साय ५.५ हा चमकणारा रंग जोडला. एमआरआयमध्ये कण छान काळे उमटतात, पण फ्लुओरेसन्स, म्हणजे रंगाची चमक, जेमतेम. रंग दुप्पट केला, तर चमक आणखी उतरली. असं का?

उत्तर : रंग वाढवण्यानेच काम बिघडलं. एका कणावर रंगाचे रेणू दाटीने बसले की त्यांची ऊर्जा आपसातच फिरून उष्णतेत जाते. भरीला लोहाचा गाभा स्वतः प्रकाश शोषतो आणि जवळच्या रंगाची ऊर्जाही ओढून घेतो. आधी दर कणामागे एक-दोन रेणूंवर या.

हे प्रमाण मोजताना हमखास फसगत होते. ६७५ नॅनोमीटरला दिसणाऱ्या शोषणात लोहाचाही वाटा असतो. तितकंच लोह असलेल्या, रंग न जोडलेल्या कणांचं शोषण त्यातून वजा करा; नाहीतर रंग आहे त्यापेक्षा जास्त वाटेल.

तरीही चमक कमीच असेल, तर गाभा आणि रंग यांतलं अंतर वाढवा. गाभ्यावर १० नॅनोमीटरच्या आसपास सिलिकाचं कवच चढवा आणि रंग बाहेरच्या थरात ठेवा. टीईओएस (ज्यापासून सिलिका बनते ते रसायन) मात्र थोडं थोडं घाला. एकदम ओतलं की गाभा नसलेले सिलिकाचे सुटे गोळे तयार होतात. ते चमकतात, पण एमआरआयमध्ये दिसत नाहीत. कवच फार जाड झालं तर पाणी गाभ्यापासून दूर राहतं आणि टी-२ वरचा, म्हणजे एमआरआयमध्ये कण काळे दिसण्यामागचा, परिणाम घटतो.

प्रश्न : उंदराचं मूत्राशय प्रकाशाच्या चित्रात उजळतं, एमआरआयमध्ये तिथे काहीच नाही. कोणत्या चित्रावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : एमआरआयवर. ३० नॅनोमीटरचा अख्खा कण मूत्रपिंडातून गाळला जात नाही. तिथे पोचलाय तो सुटलेला रंग.

म्हणून जोडणी आणि शुद्धीकरण नीट करा. एनएचएस एस्टरची (अमाइन गटांना जोडल्या जाणाऱ्या रंगाच्या रूपाची) जोडणी बायकार्बोनेट बफरमध्ये, पीएच ८.३ ला, अंधारात तासभर करा. ट्रिस बफर नको, त्याचे अमाइन गट रंग खाऊन टाकतात. रंग विरघळवायचं डीएमएसओ हे द्रावक कोरडं हवं. मग सेफाडेक्स जी-२५ च्या, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या, कॉलममधून काढा : तपकिरी पट्टा पुढे सरकतो, सुट्या रंगाचा निळा मागे रेंगाळतो. फक्त तपकिरी गोळा करा.

टिकाऊपणा तपासायला कण सिरममध्ये ३७ अंशांवर २४ तास ठेवा. यानंतर जी-२५ चालणार नाही, कारण सुटा रंग सिरममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून कणांबरोबरच बाहेर पडतो. त्याऐवजी मोठे रेणूही वेगळे करणारं सेफॅक्रिल एस-३०० जेल वापरा आणि प्रत्येक नळीतलं लोह व रंग वेगवेगळे मोजा.