हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नकोस

रक्त दिसलं की तू ती जागाच टाळतोस, हे आधी बदल. दात आणि हिरडीच्या सांध्यात जिवाणूंचा चिकट थर साचतो, त्यानेच हिरडी सुजते. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धर, हलक्या हाताने छोटे गोल फिरव, पूर्ण 2 मिनिटं. रोज नीट साफ केलंस तर आठ-पंधरा दिवसांत रक्त कमी होतं. तरीही थांबलं नाही तर दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि कीटण, म्हणजे दातांवर कडक झालेला थर, काढून घे. ते काढल्याने दात हलतात ही भीती सोड. मूळ कमजोर करतं ते साचलेलं कीटणच.

रात्रीचा ब्रश चुकवू नकोस. झोपेत लाळ कमी होते, दाताचं संरक्षणही. पेस्ट फ्लोराइडची घे, नंतर फक्त थुंक, खळखळून चूळ नको.

आता नाशकात द्राक्षांचा हंगाम आला की दिवसभर घोस तोंडात चालू राहतो. खा, पण एकदाच बसून खा, पाणी पी आणि ब्रश अर्ध्या तासाने कर. आंबटाने दाताचं कवच तात्पुरतं मऊ पडतं.

आणि काकूंना कृपा करून मिश्री सोडायला लाव. तो तंबाखूच आहे, त्याने तोंडाचा कॅन्सर होतो.