भावाचं अनुदान थांबलं, म्हणून नोकरी सोडावी का?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४२, अविवाहित, घाटकोपरच्या खासगी कंपनीत चौदा वर्षं अकाउंट्समध्ये, हातात पगार ३२,०००. त्यांचे थोरले भाऊ, दादा, ४७ वर्षांचे. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, जोडीला बौद्धिक अपंगत्व, प्रमाणपत्रावर ८५ टक्के. आजवर दादांचं सगळं आई करायची. आईला जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून दिवसाला सांभाळायला मावशी ठेवल्या आहेत, त्यांचे १७,०००. डायपर, फिट्सची औषधं, फिजिओ मिळून ७,०००. सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट बिल, किराणा, येणं-जाणं यांचे १५,०००. म्हणजे ३२ हजारांत ३९ हजारांचं घर. वरचे सात हजार क्रेडिट कार्डावर जातात, आणि कार्डाची थकबाकी आता ४६,०००.

त्यात दादांचे संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाचे पैसे बंद झाले. तहसीलच्या खिडकीवर सांगितलं, उत्पन्नाचा नवा दाखला आणा. ताई विचारतात: नोकरी सोडून दादाला मीच सांभाळलं तर मावशींचे १७ हजार वाचतील, आईची ६ लाखांची एफडी आणि माझा ७ लाखांचा पीएफ आहे, त्यावर निभेल का? आणि मामा म्हणतात तसा एजंटकडून वर्षाला २१ हजार उत्पन्नाचा दाखला काढून अनुदान पुन्हा सुरू करून घेऊ का?

ताई, पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: 'बाबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये होते, त्यांच्या मागे आईला पेन्शन होतं, साधारण १४ हजार, तेही अर्थात बंद झालं.' माझं सगळं उत्तर या 'अर्थात'वर अडलं आहे. ते पेन्शन आईबरोबर संपत नाही. रेल्वे कर्मचाऱ्याचा मुलगा अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तर आईवडील दोघेही गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन त्याला मिळतं, आणि पंचविशीची वयोमर्यादा त्याला लागू होत नाही. हयातभर मिळतं. सातव्या वेतन आयोगानंतर याची किमान रक्कम महिना ९,००० आणि वर महागाई भत्ता. आईच्या खात्यात जे येत होतं तेवढंच दादांच्या नावावर यायला हवं, तेही आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या थकबाकीसह. आठ महिन्यांचे लाखाच्या वर होतात.

आता अनुदानाचं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग व्यक्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. आईचं पेन्शनच वर्षाला दीड लाखाच्या पुढे जात होतं, वर तुमचा पगार. म्हणजे पहिला दाखला ज्याने काढून दिला त्यानेही तसाच काढला होता. तुम्हाला तेव्हा ते माहीत नसेल, माझा विश्वास आहे. आता मात्र माहीत आहे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचं अनुदान १,५०० वरून २,५०० झालं, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, तुमच्या पगाराचा पीएफही आधारला जोडलेला आहे, आणि खोट्या दाखल्यावर घेतलेल्या पैशांची वसुली होऊ शकते. शिवाय पेन्शनच्या अर्जात दादांचं उत्पन्न आणि अवलंबित्व तुम्हालाच लिहून द्यायचं आहे. एका सरकारी कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरंच, असं होता कामा नये. मामांना सांगा, तो विषय बंद. उत्पन्न कमी दिसावं म्हणून रेशनकार्ड वेगळं करण्याचा कोणी सल्ला दिला तर त्यालाही माझं हेच उत्तर.

पेन्शनसाठी कुठे जायचं? परळ वर्कशॉपच्या कार्मिक विभागात, सेटलमेंट सेक्शनला. बाबांची पीपीओ बुक, म्हणजे पेन्शन मंजुरीचं पुस्तक, शोधा. ती बहुतेक आईच्या कपाटात, बँकेच्या पासबुकांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत असेल, बहुतेक घरांत ती तिथेच सापडते. पीपीओवर दादांचं नाव आधीच चढवलेलं असेल तर निम्मं काम झालं. नसेल तरी हक्क जात नाही, कागद वाढतात: दोघांचे मृत्यूचे दाखले, दादांच्या जन्मतारखेचा पुरावा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार, पॅन, दादांच्या नावाचं बँक खातं, दादा कमावत नाहीत याचं पत्र. वैद्यकीय तपासणीसाठी भायखळ्याच्या रेल्वे रुग्णालयात बोलावलं तर व्हीलचेअरची सोय करून जा, नुसता कागद घेऊन जाऊ नका.

यातला खरा वेळखाऊ कागद म्हणजे पालकत्वाचा. दादा सज्ञान आहेत, पण स्वतःचा व्यवहार करू शकत नाहीत, आणि आईने पालक म्हणून तुमचं नाव रेल्वेकडे दिलेलं दिसत नाही. बहीण म्हणून सही केली तर बँक ती घेणार नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. तुम्ही उपनगर जिल्ह्यात, म्हणजे वांद्रे पूर्वेचं जिल्हाधिकारी कार्यालय. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत दादांच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि पुढे दरवर्षी हिशोब. अकाउंट्सवाल्या बाईला हे जड जाणार नाही, उलट तुम्हाला ते आवडेल असं वाटतं. हा अर्ज पेन्शनच्या अर्जाआधी टाका, किंवा दोन्ही एकाच आठवड्यात. रेल्वेकडून उत्तर लांबलं तर केंद्र सरकारच्या सीपेनग्राम्स या पेन्शन-तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार आणि रेल्वेची पेन्शन अदालत, हे दोन मार्ग हाताशी ठेवा.

सेटलमेंट सेक्शनलाच आणखी एक विचारा. आईकडे रेल्वेचं उमीद कार्ड, म्हणजे रेल्वेच्या वैद्यकीय सोयीचं कार्ड, होतं का, आणि त्यावर दादांचं नाव होतं का? असेल तर ते चालू ठेवण्यासाठी काय लागेल ते त्याच फेरीत समजून घ्या. दादांच्या औषधांचा खर्च बघता हे कार्ड फार मोलाचं आहे.

महापालिकेचीही एक योजना आहे, धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाची: ४० ते ८० टक्के अपंगत्व असेल तर महिना १,०००, ८० च्या वर ३,०००, रक्कम सहा महिन्यांची एकदम. वॉर्ड ऑफिसातल्या समाजविकास अधिकाऱ्याला भेटा, यूडीआयडी निळं कार्ड लागेल, आणि पेन्शनचं जे असेल ते अर्जात खरं लिहा. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमाही काढा. वर्षाला काही शेकड्यांत १ लाखाचं संरक्षण, आधी तपासणी नाही, थेरपी आणि ओपीडीही त्यात येते. ऑफिसचा ग्रुप विमा भावंडांना सहसा घेत नाही, म्हणून हा हवाच. आणि कोणी ८०डीडीची, म्हणजे दिव्यांग अवलंबितासाठीची, कर वजावट सांगून गुंतवणूक विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. तुमच्या पगारावर आज करच लागत नाही, वजावट कशातून करणार?

आता नोकरी. पेन्शन धरलं नाही तर गणित सोपं आहे. मावशी नाहीत, महिन्याचा खर्च २२,०००, हाताशी १३ लाख. पाच वर्षंही पुरत नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी तुम्ही रिकाम्या हाताने पुन्हा नोकरी शोधत असाल. हे तुम्हालाही दिसलं असणार.

मला जास्त काळजी पेन्शन सुरू झाल्यानंतरची आहे. कारण तेव्हा कागदावर नोकरी सोडणं जमून जाताना दिसेल. खर्च २२, पेन्शन १४, तूट ८ हजारांची. १३ लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला ९१ हजार व्याज, म्हणजे महिना साडेसात हजार. जवळजवळ तोंडमिळवणी! कोणीही म्हणेल, सोड नोकरी.

पण महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत २२ चे ४४ होतात. महागाई भत्त्यामुळे पेन्शनही जवळपास दुप्पट होईल, तूट मात्र ८ ची १६ होईल, आणि व्याज तिथेच साडेसात हजारांवर. मग मुद्दलाला हात लागतो आणि एकदा लागला की वेग वाढतो. दुसरं, हे पेन्शन दादांचं आहे. लिहायला जड जातं, पण दादांच्या पश्चात ते थांबेल आणि तेव्हा तुम्ही कदाचित साठीच्या असाल, पगार नाही, पीएफ संपलेला. आणि सत्तेचाळीस वर्षांच्या पुरुषाला रोज एकटीने उचलून बाथरूमला नेणं हे तुमची पाठ किती वर्षं करू देईल? मावशींचे १७ हजार तुम्हाला वाचवायची रक्कम वाटते. माझ्या हिशोबात तुमचा ३२ हजारांचा पगार उभा आहे तो त्या १७ हजारांवर.

नोकरीत आणखी काही आहे जे पगाराच्या स्लिपवर दिसत नाही. पीएफच्या सदस्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर ईडीएलआय या पीएफबरोबरच्या विमा योजनेतून ७ लाखांपर्यंत विमा मिळतो; राजीनामा दिला की तो गेला. आणि तुम्ही अविवाहित आहात, आईवडील नाहीत, म्हणून पीएफबरोबरच ईपीएस, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेसाठीही तुम्ही दादांना नॉमिनी करू शकता. असं नामांकन असेल तर तुमच्या पश्चात त्यांना विधवा पेन्शनच्या दराने पेन्शन मिळतं. ईपीएफओच्या साइटवर ई-नॉमिनेशनमध्ये पीएफ आणि पेन्शन असे दोन वेगळे भाग आहेत, लोक पहिला भरून उठतात. तुमच्या खात्यात अजून आईचंच नाव असेल, आज रात्रीच बदला.

तेव्हा नोकरी सोडू नका. ऑफिसात स्पष्ट सांगून महिनाभराची रजा मागा, बिनपगारी मिळाली तरी घ्या, आणि त्या महिन्यात वांद्रे-परळच्या फेऱ्या उरका. पेन्शन सुरू झालं की आवक ४६ हजार, खर्च ३९. उरलेल्या सातमध्ये स्वतःच्या नावाने टर्म विमा घ्या आणि बाकी आवर्ती ठेवीत टाका. मृत्युपत्र आणि दादांसाठी ट्रस्ट हे करायचंच आहे, पण पालकत्व हातात आल्यावर; तेव्हा पुन्हा लिहा.

शेवटचं तुम्ही विचारलेलं: एफडी मोडू का? सहा लाखांची एकच पावती असेल आणि बँक अर्धवट मोडू देत असेल तर दीड लाख काढा. पावतीवर तुमचं नाव आईबरोबर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर मृत्यूच्या दाखल्यावर काम होईल, नाहीतर नॉमिनी म्हणून क्लेम टाकावा लागेल. त्यातले ४६ हजार पहिल्याच दिवशी कार्डात भरा. ते कार्ड महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लावतं, एफडी वर्षाला सात देते. मुदतीआधी मोडल्याचा दंड त्यापुढे काहीच नाही. उरलेले लाखभर पेन्शन येईपर्यंतची तूट आणि बिनपगारी महिना भरून काढायला. पेन्शनची थकबाकी जमा झाली की पहिल्यांदा हे दीड लाख परत एफडीत ठेवायचे. लाखाच्या वर तर तीच भरेल, राहिलेले थोडे थोडे करून. त्यानंतरच फ्रिज बदलायचा.