‘पोर्टेबल बेनिफिट्स’: सुवाह्य, हस्तांतरणीय की आणखी काही?

प्रश्न असा: गिग कामगारांवरच्या (अ‍ॅपवरून वा सुटी कामे घेणाऱ्यांवरच्या) लेखात ‘पोर्टेबल बेनिफिट्स’ला, म्हणजे काम देणारा बदलला तरी कामगारासोबत राहणाऱ्या विमा, पीएफ अशा लाभांना, ‘सुवाह्य लाभ’ म्हणावे की ‘हस्तांतरणीय लाभ’?

दोन्ही नकोत. ‘सुवाह्य’ जनरेटरला शोभते. ‘हस्तांतरणीय’ तर अर्थच फिरवते: हस्तांतर म्हणजे या हातातून त्या हातात, आणि इथे घेणारा हात तोच राहतो, बदलतो तो काम देणारा. ‘फिरते लाभ’ ऐकायला बरे, पण फिरता निधी आणि फिरता दवाखाना यांनी ती जागा आधीच अडवली आहे.

मी ‘कामगार-संलग्न लाभ’ लिहीन. ‘आधार-संलग्न खाते’ सर्वांच्या ओळखीचे असल्याने काय कशाला जोडले आहे ते लगेच कळते. शिवाय उलट बाजूही सांगता येते: कंपनीच्या अ‍ॅपवरचा कामगाराचा आयडी बंद झाला की संपणारा अपघात विमा हा ‘कंपनी-संलग्न’. मजकुराच्या ओघात मात्र ‘काम बदलले तरी सोबत राहणारे लाभ’ हेच बरे.

कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी (हमाल) कायद्यानुसार हमालांची टोळी कोणाच्याही गाळ्यावर माल उतरवो, नोंदीत मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (लाभांसाठीचा टक्केवारीतला आकार) माथाडी बोर्डात भरतो. पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे यांचा हिशोब बोर्ड कामगाराच्या नावे ठेवते. वाचकाला समजावताना हे उदाहरण परदेशी दाखल्यांपेक्षा लवकर पोचते.

‘गिग’ तसाच ठेवा. तमाशा, बँडवाल्यांची ‘सुपारी’ अर्थाने अगदी नेमकी जुळते, पण ‘सुपारी कामगार’ छापले तर पोलीस चौकशीला येतील!

सोबतचे शब्दही सांभाळा. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग काम हे पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचे मानले आहे. म्हणून ‘पगार’ नको, ‘मोबदला’. त्याच संहितेत अ‍ॅग्रिगेटरने (अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीने) सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे अंशदान वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के आहे, आणि कामगारांना दिलेल्या वा देय रकमेच्या ५ टक्के ही त्याची कमाल मर्यादा. या मर्यादेलाच दर समजून ‘मोबदल्यातून ५ टक्के कापणार’ असे लिहू नका. कापणे आणि भरणे यांत भरणारा बदलतो, तेव्हा क्रियापद जपून वापरा.

नमुना वाक्य: ‘ई-श्रम या केंद्र सरकारच्या असंघटित कामगार नोंदणीचा १२ अंकी क्रमांक कामगाराच्या आधारला जोडलेला असल्याने त्यावरचे लाभ कामगार-संलग्न ठरतात, अ‍ॅप बदलले म्हणून नवा क्रमांक घ्यावा लागत नाही.’