नाद बारा सिलिंडरचा, हिशेब ओडीचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री असलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वय 47. उचगावची जागा विकून आलेले पैसे धरून ठेवी आणि म्युच्युअल फंडात साडेसहा कोटी आहेत. फाउंड्रीच्या ओडीवर, म्हणजे बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर, 2 कोटी 60 लाख उचललेले, व्याज पावणेदहा टक्के. मुलगी अकरावीत, शिकायला परदेशात जायचं म्हणते. समोर दोन जुन्या गाड्या: दिल्ली पासिंगची 2018 ची फेरारी 812 सुपरफास्ट 4 कोटींना, आणि 2013 ची बारा सिलिंडरची बेंटली काँटिनेंटल जीटी 75 लाखांना. विकणाऱ्याचं म्हणणं, "बारा सिलिंडर आता बंद होणार, पाच वर्षांत भाव वाढलेलाच दिसेल." हे खरं का, आणि घ्यायची तर कुठली?

आधी भावाचं बोलू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

"शेवटची बारा सिलिंडर" हे वाक्य 812 बद्दल अनेकांनी छातीठोकपणे सांगितलं. 2024 मध्ये फेरारीनं 12 चिलिंद्री आणली, बारा सिलिंडरचीच, 6.5 लिटर, टर्बोशिवाय, 830 पीएस (म्हणजे अश्वशक्ती). लॅम्बोर्गिनीनं 2023 मध्ये रेव्हुएल्तो आणली, तिच्यात बॅटरीच्या जोडीला बारा सिलिंडरचं व्ही-12 इंजिन आहेच. म्हणजे इंजिन दुर्मिळ होतंय, संपलेलं नाही. भाव टिकतो तो मोजक्या गाड्यांचा. 812 ची खास आवृत्ती कॉम्पेतित्सिओने फक्त 999 बनल्या, 812 च्या आधीच्या मॉडेलची एफ12 टीडीएफ 799. फेरारीचंच 599 हे जुनं मॉडेल हाताच्या गिअरचं निघालं तर तिच्यासाठी जगभरातले लोक रांग लावतात. तुमची सुपरफास्ट ही नेहमीच्या उत्पादनातली. गाडी अफलातून आहे, 800 पीएस, पण संग्राहकाच्या यादीत ती वरच्या ओळीत नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा तिची किंमत कुणी विचारत नाही. तिच्यामागं घराणं आहे, इतिहास आहे. आपल्या गाडीमागं फक्त सर्व्हिस बुक असतं.

परदेशातल्या लिलावांचे आकडे दाखवून कोणी भुलवत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या किमतीत गाडी कमी आणि कर जास्त असतो. बाहेरून तयार येणाऱ्या महागड्या गाडीवर एकूण 110 टक्के आयातशुल्क, त्या बेरजेवर आता 40 टक्के जीएसटी. बंदरावर 100 रुपयांची गाडी शुल्कानंतर 210 आणि जीएसटीनंतर 294 रुपयांची होते. हेच शुल्क 10 टक्के झालं तर तीच गाडी 154 ला पडेल. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी सही झालेल्या करारात मोटारींवरचं शुल्क कोट्याच्या मर्यादेत टप्प्याटप्प्यानं 10 टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे. जानेवारी 2026 मध्ये युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, त्यातही मोटारींसाठी असाच रस्ता आहे. बेंटली बनते ब्रिटनमध्ये, फेरारी इटलीत. कंपन्या सगळी सूट गिऱ्हाइकाला देतील असं मी धरत नाही, कोटाही अपुरा पडेल. तरी नवी गाडी थोडी जरी स्वस्त झाली की जुनीच्या भावाचं छत तेवढं खाली येतं. हा धोका विकणारा तुम्हाला सांगणार नाही, कारण तोच धोका तो तुमच्या गळ्यात घालतोय.

आता 4 कोटींचं गणित. हे पैसे कर वजा जाता 5 टक्क्यांनी वाढले तर पाच वर्षांत 5 कोटी 10 लाख होतात. विमा, सर्व्हिस, टायर-ब्रेकची तरतूद आणि मुंबईला फ्लॅटबेडवर नेणं-आणणं यांसाठी मी वर्षाला 16 लाख धरतो, म्हणजे पाच वर्षांचे 80 लाख. एकूण 5 कोटी 90 लाख. पाच वर्षांनी गाडी 3 कोटींना गेली तर नादाची किंमत 2 कोटी 90 लाख. वर्षाला अडीच हजार किलोमीटर चालवलीत तर दर किलोमीटरला 2,320 रुपये. पुण्याला एकदा जाऊन यायचे साधारण साडेदहा लाख! आणि "फायदा झाला" म्हणायला ती 5 कोटी 90 लाखांच्या वर विकावी लागेल. ही गाडी 2018 मध्ये भारतात नवी आली तेव्हा एक्स-शोरूम 5 कोटी 20 लाखांना होती.

यात दिल्ली पासिंगचा खर्च धरलेलाच नाही. बारा महिन्यांच्या वर इथं ठेवायची तर कोल्हापूरचा एमएच-09 नंबर घ्यावा लागतो. इम्पोर्टेड गाडीला महाराष्ट्रात एकरकमी कर 20 टक्के, आणि जुलै 2025 पासून त्याची कमाल मर्यादा 20 लाखांवरून 30 लाख झाली आहे. गाडीच्या वयाप्रमाणे रक्कम उतरते, पण तोंडी आकड्यावर विसंबू नका, आरटीओतून लेखी काढा. दिल्ली आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म 28, हस्तांतराचे 29 आणि 30, आणि जुनं कर्ज असेल तर त्याचा बोजा उतरवण्याचा फॉर्म 35, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. काही लाख रोख द्या म्हणाला तर तिथंच उठा. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो, आणि तुमच्याकडं खरेदीचा पुरावा कमी किमतीचा राहतो.

फेरारी नव्या गाडीसोबत सात वर्षांची ठरलेली सर्व्हिस देते. 2018 च्या गाडीची ती सात वर्षं संपली, इथून पुढं प्रत्येक बिल तुमचं. म्हणून तपासणी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच करा. क्लचची झीज कॉम्प्युटरवर काढा, कार्बन-सिरॅमिक डिस्क मोजून घ्या, सातगती ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे जुने फॉल्ट कोड वाचून घ्या. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचा. पुढचं तोंड उचलणारी लिफ्ट आहे का बघा. नसेल तर आपले गतिरोधक आणि महामार्गाच्या सहापदरीकरणाची डायव्हर्जन खालचा कार्बन खरवडून काढतील.

उभ्या गाडीचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात तीन महिने झाकून ठेवली की बॅटरी बसते, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत ओलावा धरतं, आणि उसाच्या पट्ट्यातले उंदीर वायरिंग कुरतडतात. चार्जर कायम जोडलेला ठेवावा लागतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात काय झालं ते शिरोलीकराला मी सांगायची गरज नाही. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर घ्याच, आणि पाणी शिरल्याची शंका आली तर स्टार्ट बटणाला हात लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग विमा कंपनीशी वाद सुरू होतो. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे नसते, दोघांच्या संमतीनं ठरते. ती पॉलिसीत नीट बघून घ्या.

बेंटलीबद्दल थोडक्यात सांगतो: नको. 75 लाख ही फक्त आत शिरण्याची फी आहे. गाडी पाऊण कोटीची असली तरी सुटे भाग नव्या बेंटलीच्या दरानं येतात. इंजिन डब्ल्यू-12, म्हणजे बारा सिलिंडर डब्ल्यूच्या आकारात दाटीनं बसवलेले, त्यात दोन टर्बो, बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही. मागच्या बाजूची एखादी पाइप गळाली तरी इंजिन खाली उतरवावं लागतं. एअर सस्पेन्शनही या वयात दमतं. हे इंजिन 2024 मध्ये बंद झालं खरं, पण तोवर एक लाखाच्या वर बनलं होतं. दुर्मिळ म्हणून विकता येणार नाही.

फाउंड्रीच्या नावावर घेण्याचा विचार असेल तर तोही सोडा. 15 टक्के घसारा मिळतो, पण जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही आणि खासगी वापरावर प्राप्तिकराच्या असेसमेंटमध्ये बोट ठेवलं जातं. स्वतःच्या नावावर घेतलीत तर नफ्यावर कर नाही, पण तोटाही कशातून वजा होत नाही. आणि तुमच्या बाबतीत तोट्याचीच शक्यता मोठी.

तुमचे साडेसहा कोटी माझ्या दृष्टीनं असे: 2 कोटी 60 लाख ओडीला, 1 कोटी 20 लाख मुलीच्या शिक्षणाला, 60 लाख घर आणि कामगारांच्या पगाराची गंगाजळी. उरले 2 कोटी 10 लाख. त्यात 812 बसत नाही. नाद करायला माझा विरोध नाही, कोल्हापुरात राहून विरोध करताही येणार नाही. पण हा नाद आज ओडीच्या पैशांवर होतोय. दोन वर्षं थांबा. नव्या गाड्यांचे भाव करारानंतर कुठं स्थिरावतात ते दिसेल, आणि 812 चे विकणारे तेव्हाही असतीलच.

पत्रात 5 लाखांच्या टोकनचा उल्लेख आहे. दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर पावती काढून "तपासणीत नापसंत झाल्यास परत" असं लिहिलंय का बघा. नसेल तर तपासणीची मागणी आजच व्हॉट्सॲपवर लेखी टाका आणि त्याचं उत्तर जपून ठेवा.