नागपुरात गर्दच्या व्यसनावर फिरता दवाखाना उपयोगी पडेल का?

पडेल. पण पहाटे कळमना मार्केटच्या गेटवर उभी राहणार असेल तरच ती गाडी आणा.

माझा धाकटा भाऊ कळमना मार्केटात हमाल आहे. पन्नीवर गर्द, म्हणजे हेरॉइन, तापवून धूर ओढायचा. ब्यूप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्दची तलफ आवरणारं औषध, सुरू झालं आणि टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, थांबली, जेवायला लागला, रात्री झोपायला लागला. पण ही गोळी रोज केंद्रात जाऊन, त्यांच्या समोर जिभेखाली विरघळवायची. केंद्र उघडणार दहाला. मिरचीच्या हंगामात त्याच वेळी गाड्या खाली होतात आणि मधूनच निघून गेलेल्या हमालाला मुकादम उद्या उभं करत नाही. कधी कामाचा खाडा, कधी डोसचा. शेवटी डोस सुटला. रजिस्टरवर लिहिलं गेलं, 'पेशंट इच्छुक नाही'. काम संपवून घामाघूम धावत जायचा, कुलूप बघून परत यायचा, तो इच्छुक नाही?

मोठे काका म्हणाले, "गोळी बी नशाच हाय, कोंडा त्याले." कोंडलं. बंद काळात शरीराची सवय मोडते, हे तिथे कोणी सांगितलं नाही. सुटल्यावर त्याने जुन्याच मापाने ओढलं आणि श्वास थांबत आला. जेमतेम वाचला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायला सुरुवात केली, त्या मी सांभाळते. तेव्हापासून कामही टिकलंय.

ॲमस्टरडॅममध्ये १९७९ पासून मेथाडोनची, म्हणजे अशाच दुसऱ्या औषधाची, बस ठरलेल्या थांब्यांवर जायची. अमेरिकेने नव्या मेथाडोन गाड्यांवरची बंदी २०२१ मध्ये उठवली. आपल्याकडे नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, ही गोळी देणारी केंद्रं मुख्यतः सुईने नशा घेणाऱ्यांसाठी, एचआयव्ही रोखायला निघाली. पन्नीवाला त्यात कुठे बसतो?

हो, गाडीत डॉक्टर हवाच. पहिली गोळी टर्की सुरू झाल्यावरच देतात, आधी दिली तर गोळीनेच जोरदार टर्की येते. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर जीव जाऊ शकतो. स्वतःच्या मनाने आणून देऊ नका. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे विचारा.

आणि घरात कोणी 'कोंडा' म्हणालं तर ऐकू नका. माझे काका आजही म्हणतात, एक नशा सोडून दुसरी धरली. तो पहाटे चारला पोती उचलायला जातो, मजुरी आईच्या हातात देतो. त्यांना हे रोज दिसतं, तरी मानत नाहीत.