विनोद चांगला, तरीही सभागृह गप्प का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ज्यांच्या छोट्या चित्रफिती मोबाइलवर पाहून मी अनेकदा खळखळून हसलो आहे, अशा एका स्टँड-अप कलाकाराचा कार्यक्रम नुकताच प्रत्यक्ष पाहिला. भाषा चांगली होती, आत्मविश्वास होता, विषयही रोजच्या जगण्यातले होते. तरीही प्रेक्षक तासभर जवळजवळ ढिम्म बसून होते आणि मलाही हसू आले नाही. विनोद वाईट नव्हते, तर मग बिघडले कुठे?

उत्तर : तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे : हसू विनोदात साठवलेले असते आणि विनोद चांगला असला की ते आपोआप बाहेर येते. ही समजूत बहुतेक प्रेक्षकांची असते आणि दुर्दैवाने अनेक कलाकारांचीही असते. प्रत्यक्षात हसणे ही आधी माणसामाणसांतली गोष्ट आहे आणि विनोदाचा क्रमांक त्यानंतरचा आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मेंदूविज्ञान-अभ्यासकाने, लोक एकमेकांशी बोलताना नेमके केव्हा हसतात, याच्या सुमारे १,२०० नोंदी गोळा केल्या, तेव्हा हसण्याआधीच्या वाक्यांपैकी जेमतेम १० ते २० टक्के वाक्येच विनोदी म्हणता येतील अशी निघाली. बाकीचे हसू ‘बरं, भेटू मग’ यांसारख्या अगदी साध्या बोलण्यावर उमटलेले होते. जवळ टीव्ही किंवा पुस्तक नसताना एकटा माणूस जितका हसतो, त्याच्या सुमारे ३० पट तो चारचौघांत हसतो, असेही त्यांना आढळले. याचा अर्थ असा, की एकमेकांना न ओळखणाऱ्या शे-दोनशे माणसांचा आधी एक घोळका व्हावा लागतो, आणि तो करण्याचे काम कलाकाराच्या पहिल्या काही मिनिटांत व्हावे लागते. जो कलाकार मंचावर येताच पाठ केलेला मजकूर सुरू करतो, त्याच्यासमोर अखेरपर्यंत शे-दोनशे सुटी माणसेच बसलेली राहतात.

चित्रफितीत हे काम आधीच झालेले असते. तासाभराच्या कार्यक्रमातले सर्वांत जमलेले मिनिट-दीड मिनिट कोणीतरी निवडलेले असते, मधली शांतता कापलेली असते, आणि त्या सभागृहातल्या लोकांचे हसू तुमच्या कानांवर पडत असते. दुसऱ्याचे हसू ऐकून आपल्याला हसू येते, हे दूरचित्रवाणीच्या व्यवसायाला फार लवकर उमगले होते. १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डग्लस या ध्वनी-अभियंत्याने ध्वनिमुद्रित हसू हवे तेव्हा वाजवता येईल असे यंत्रच तयार केले आणि पुढे अनेक मालिकांना त्याने हशा पुरवला. तुमच्यासमोर जो तास उलगडला त्याला असा कोणताही आधार नव्हता, त्यामुळे तुमचे मोबाइलवरचे हसू खोटे ठरत नाही. ते निवडलेल्या मिनिटाला मिळालेले होते, इतकेच.

आता विनोदाच्या बांधणीकडे येऊ, कारण बिघाडाचा मोठा भाग इथे असतो. ताणलेली अपेक्षा अचानक शून्यात विरून जाते तेव्हा हसू येते, असे जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७९० मध्ये मांडले. या विधानाविषयी तत्त्वज्ञांत बरेच वाद असले, तरी मंचावरच्या कामासाठी त्यात एक फार उपयोगाची गोष्ट आहे : विरण्यासाठी आधी अपेक्षा तयार व्हावी लागते. कलाकाराने ती पुरती उभीच केली नाही, तर शेवटी धक्का बसायला काही उरत नाही. आणि विषय इतका वापरलेला असेल की शेवट प्रेक्षकांना चार वाक्ये आधीच दिसतो, तरीही काही उरत नाही. ‘रोजच्या जगण्यातले विषय’ म्हणून तुम्ही ज्यांचे कौतुक केले, त्यांचा धोका नेमका हाच असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, कलाकार म्हणतो, ‘डॉक्टरांचं बिल खूप मोठं असल्यामुळे मी ते अजून पाहिलेलं नाही, कारण त्यांनीच मला सांगितलं होतं की ताण येईल अशी कोणतीही गोष्ट पाहायची नाही.’ कल्पना वाईट नाही, पण हसू येत नाही. आता हेच असे ऐका : ‘डॉक्टर म्हणाले, ताण येईल असं काहीही बघायचं नाही. मी लगेच ऐकलं. अजून उघडलेलं नाही… त्यांचं बिल.’ पहिल्या वाक्यात ‘बिल’ सुरुवातीलाच आले, ते मोठे असल्याचे समजावूनही सांगितले गेले आणि मग उरलेले अर्धे वाक्य श्रोत्याला विनाकारण ऐकत बसावे लागले. दुसऱ्यात ज्या शब्दावर सगळे उलटते तो शब्द शेवटी आला आणि त्याच्या आधी क्षणभर जागा सोडलेली आहे. मराठी वाक्याचा कल क्रियापदावर संपण्याकडे असतो, त्यामुळे पंचलाइनचा शब्द बरेचदा वाक्याच्या पोटात अडकतो. बोलताना तो ओढून क्रियापदाच्या नंतर आणावा लागतो. आपण घरी गप्पा मारताना हे सहज करतो, आणि लिहून पाठ केलेल्या मजकुरात मात्र नेमके हेच हरवते.

यानंतर येतो तो वेळेचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखादा विनोद पडला की अननुभवी कलाकाराचा वेग वाढतो, आवाज चढतो आणि तो पुढच्या विनोदाकडे धाव घेतो. पुढच्या विनोदावर थोडे हसू येऊ लागते, तेव्हा त्याच घाईत तो त्या हसण्यावरच बोलू लागतो. इथे प्रेक्षक नकळत एक गोष्ट शिकतात : हसलो तर पुढचे वाक्य ऐकू येणार नाही. मग ते ऐकण्यासाठी गप्प बसतात, ती शांतता कलाकाराला अपयश वाटते, आणि तो आणखी घाई करतो. असे पाच-सात वेळा झाले की चांगला विनोदसुद्धा त्या सभागृहात उठत नाही. तुम्ही पाहिलेल्या कार्यक्रमात असेच घडले असेल, असे मी खात्रीने म्हणणार नाही. पण भाषा, आत्मविश्वास आणि विषय हे तिन्ही असूनही तास कोरडा जातो, तेव्हा मी सर्वांत आधी हेच तपासून पाहीन.

अशा वेळी प्रेक्षकांना कलाकाराची काळजी वाटू लागते, आणि काळजी ही हसण्याची शत्रू आहे. हसण्यासाठी मन घटकाभर बधिर व्हावे लागते, भावना जागी झाली की हसू मावळते, असे फ्रेंच विचारवंत आंरी बर्गसाँ याने १९०० मध्ये लिहिले होते. समोरचा माणूस घामाघूम होऊन ‘आज सगळे झोपलेले दिसताहेत’ असे म्हणतो, तेव्हा आपल्याला त्याची दया येते किंवा त्याचा राग येतो, आणि दोन्ही अवस्थांत हसू येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आहेत : माणूस स्वतः हसतो तो पहिला आणि दुसऱ्याला हसवतो तो दुसरा. स्वतःच्या वाक्यावर आधी स्वतःच हसणारे कलाकार पाहिले की हा जुना भेद किती नेमका आहे, हे पटते.

जागेचाही हातभार असतो, आणि त्याचा दोष कलाकाराला देऊ नये. उंच छत, विखुरलेल्या खुर्च्या, प्रेक्षकांवर पडलेला लख्ख प्रकाश, घुमणारा आवाज यांपैकी काहीही हशा पसरू देत नाही. रिकाम्या रांगा मागे राहतील अशा रीतीने लोकांना पुढे एकत्र बसवले, तरी पुष्कळ फरक पडतो.

प्रश्न : मी हौसेने स्टँड-अप करू लागलो आहे. मित्रांच्या मैफलीत माझ्या प्रत्येक वाक्यावर हशा पिकतो, पण ओपन माइकला, म्हणजे कोणीही मंचावर येऊन आपले विनोद करून पाहू शकेल अशा कार्यक्रमात, तेच विनोद फुसके ठरतात. तिथले प्रेक्षकच कमी रसिक असतात, की माझ्यात विनोदबुद्धी नाही?

उत्तर : दोन्ही नाही. मित्र तुम्हाला ओळखतात, म्हणून तुमच्या विनोदाची निम्मी तयारी त्यांच्याच मनात झालेली असते. तुम्ही कंजूष आहात की उधळे, भित्रे आहात की भांडखोर, हे त्यांना माहीत असते. त्यामुळे तुम्ही अर्धे वाक्य बोललात तरी उरलेले ते भरून काढतात. अनोळखी माणसाला यातले काहीच ठाऊक नसते. हा माणूस कोण आहे आणि जगाकडे कसा पाहतो, हे पहिल्या दोन-तीन विनोदांतून त्याला कळले पाहिजे. यासाठी लांबलचक ओळख करून द्यायची गरज नाही; तुम्हाला खरोखर कशाचा राग येतो, कशाची लाज वाटते, कशाची भीती वाटते, ते दिसले की पुरे.

इतरांसारखे बोलून हे साधत नाही. अमेरिकी कलाकार रिचर्ड प्रायर सुरुवातीला त्या काळी लोकप्रिय असलेल्या बिल कॉस्बीच्या वळणाचा निरुपद्रवी विनोद करीत असे आणि त्याला कामही भरपूर मिळत होते. १९६७ मध्ये लास व्हेगासमध्ये चालू कार्यक्रमातून तो मंच सोडून निघून गेला. पुढच्या काही वर्षांत त्याने स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग, स्वतःच्या भोवतालची माणसे आणि त्यांची बोली मंचावर आणली, आणि आज त्याचे नाव निघते ते या कामामुळे. प्रायरची गोष्ट मी अनुकरणासाठी सांगत नाही, कारण मग ते प्रायरचे अनुकरण होईल. उसन्या आवाजात काम चालू शकते, पण त्या माणसाविषयी प्रेक्षकांना काही कळत नाही, एवढेच तिच्यातून घ्यावे.

कामाच्या सवयीविषयी एक आग्रह धरतो. प्रत्येक सेट, म्हणजे मंचावरचे तुमचे प्रत्येक सादरीकरण, ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी तो कागद-पेन घेऊन ऐका. हसू कोणत्या शब्दावर सुरू झाले आणि किती वेळ टिकले, त्याच्यावर तुम्ही बोललात का, हे लिहून ठेवा. ऐकणे फार जड जाते, हे मला माहीत आहे, तरीही टाळू नका. आपल्या आठवणीतला हशा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा किंवा छोटा असतो. एका रात्रीच्या शांततेवरून विनोद फेकून देऊ नका, पण चार वेगवेगळ्या ठिकाणी तो पडला तर तो प्रेक्षकांमुळे पडला असे म्हणू नका. बहुधा तयारीच्या भागातली दोन वाक्ये कापली, तर तो उभा राहतो. क्रिस रॉकसारखा जगप्रसिद्ध कलाकारही मोठ्या दौऱ्याआधी लहान क्लबमध्ये जाऊन, हातात टिपणे घेऊन, नवे विनोद तपासून पाहत आला आहे. त्यातले बरेच तिथेच पडतात, आणि त्यांनी तिथे पडावे यासाठीच तो जातो.

प्रश्न : लोक हल्ली लगेच दुखावतात, म्हणून विनोद चालत नाहीत, असे काही कलाकार म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : क्वचित खरे असते. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरेन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, एखादी गोष्ट रूढ समजुतीला धक्का देते आणि त्याच क्षणी ती निरुपद्रवीही वाटते, तेव्हा हसू येते. यातले एक जरी निसटले तरी हसू नाही. दुखावणाऱ्या विनोदात निरुपद्रवीपणा निसटलेला असतो. पण माझ्या पाहण्यात पडलेले बहुतेक विनोद याच्या उलट कारणाने पडतात, त्यांत कोणालाच कसलाही धक्का बसत नाही. ज्या विषयावर एका कलाकाराला निषेध सहन करावा लागतो, त्याच विषयावर तेच प्रेक्षक दुसऱ्याला मनमोकळी दाद देतात, हेही अनेकदा दिसते. तिथे विषय तोच असतो. फरक असतो तो बोलणारा स्वतः त्या दुःखाच्या किती जवळ उभा आहे आणि विनोदाचा भार त्यात कोणावर पडतो आहे, याचा. तक्रार करणाऱ्या कलाकाराने आपल्या संहितेत या दोन गोष्टी आधी शोधून पाहाव्यात.